पाण्याखालचा कॅमेरा आणि गळतीची घंटा

आमच्या शिरपूरपासून समुद्र लांब आहे. अरुणावती आणि तापी, एवढेच आमचे पाणी. तरीही अलीकडे आमच्या भागातील फोटो स्टुडिओवाल्यांना मालवणच्या ऑर्डरी मिळू लागल्या आहेत, कारण लग्न ठरलेल्या जोडप्यांना पाण्याखालचे चित्रीकरण हवे असते. बोअरवेलमध्ये कॅमेरा सोडून अडकलेली मोटार किंवा फुटलेला केसिंग पाइप पाहण्याचे कामही काही जण करतात. दोन्ही धंद्यांत मोठे भांडवल एका रबरी कड्याच्या भरवशावर पाण्यात सोडावे लागते. आम्ही कापडाचे व्यापारी. या विषयात पडण्याचे आम्हाला खरे तर कारण नव्हते. कारण घडले ते असे.

आमच्या भाच्याचा स्टुडिओ आहे. पाण्यात उतरण्याचे रीतसर शिक्षण त्याने घेतलेले आहे. मालवणच्या एका कामासाठी त्याने मित्राचा कॅमेरा मागून नेला, म्हणजे वस्तू अमानत होती. कॅमेऱ्याभोवती पाणी रोखणारी पेटी होती, जिला हाऊसिंग म्हणतात. पेटीत लीक डिटेक्टर, म्हणजे गळती कळविणारे यंत्रही होते. पाण्यात उतरून थोडा वेळ होतो न होतो तोच पेटीतला लाल दिवा लुकलुकू लागला. सोबतच्या प्रशिक्षकाला खूण करून, सावकाश वर येईपर्यंत दोन-तीन मिनिटे गेली. पेटीच्या तळाला चार चमचे पाणी होते. तेवढ्याने कॅमेरा गेला.

भाचा परत आला आणि म्हणाला, "मामू, घंटा वाजली होती, तरी नुकसान झाले. मग हे यंत्र ठेवून फायदा काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही माहितगारांकडे चौकशी केली, पेटी स्वतः उघडून पाहिली. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

यंत्र चालते कसे?

रचना अगदी साधी आहे. पेटीच्या तळाशी दोन उघड्या तारा किंवा तांब्याच्या पट्ट्या एकमेकींना न चिकटता ठेवलेल्या असतात. मध्ये हवा असेपर्यंत वीज वाहत नाही. पाण्याचा थेंब दोहोंना जोडतो तेव्हा बारीकसा प्रवाह सुरू होतो, ट्रान्झिस्टर त्याला वाढवतो आणि दिवा किंवा भोंगा चालू होतो. घड्याळात असतो तसा चपटा सेल या कामाला पुरतो.

समुद्राचे पाणी एक किलो घेतले तर त्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून ते नळाच्या पाण्यापेक्षा शंभरपटीच्या आसपास सहज वीज वाहून नेते. गोड्या पाण्यात हाच इशारा क्षीण होतो. जो माणूस हे यंत्र विहिरीत किंवा धरणात वापरणार आहे त्याने त्याच पाण्याचा थेंब तारांवर टाकून आधी खात्री करावी. ओले बोट लावूनही तपासणी होते. मात्र नंतर तारा स्वच्छ पाण्याने पुसून कोरड्या कराव्यात, नाहीतर क्षाराने त्या गंजतात.

दुसरी गोष्ट जागेची. पाणी नेहमी सखल जागी जाते. कॅमेरा आडवा धरला तर ते तळाशी साचते, पण भिंग खाली करून समुद्राचा तळ टिपू लागलो तर तेच पाणी पुढच्या काचेत उतरते. तारा तळाशी आणि पाणी काचेत, असे झाले की घंटा वाजत नाही. म्हणून काही जण दोन ठिकाणी तारा बसवतात.

आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर. हे यंत्र पाणी आत आल्यानंतर बोलते. ते चौकीदार आहे, कुलूप नव्हे. पाणी थोडे असेल आणि माणूस उथळ जागी असेल तर कॅमेरा वाचतो, एरवी नाही.

कुलूप कोणते?

कुलूप म्हणजे ओ-रिंग, झाकणाच्या खाचेत बसणारे रबरी कडे. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोने वाढतो. पेटीचे झाकण १५ बाय २० सेंटीमीटरचे धरले तर त्याचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटीमीटर होते. म्हणजे १० मीटरवर त्या झाकणावर ३०० किलोंचा भार. आमच्या कपाशीच्या भाषेत तीन क्विंटल.

हा दाब शत्रू वाटतो, पण तोच झाकण घट्ट बसवतो आणि कड्याला दाबून धरतो. म्हणूनच पुष्कळ वेळा गळती खोलवर न होता पहिल्या दोन-चार मीटरांत होते, जेव्हा दाब कमी असतो आणि कडे अजून नीट बसलेले नसते. कड्यावर वाळूचा कण, केस किंवा धागा असला तर विचारूच नका.

भाच्याच्या पेटीत आम्हाला नेमके हेच दिसले. कड्यावर एक पांढरा सुती धागा आडवा पडला होता, एक टोक आत, दुसरे बाहेर. दिव्याची वात तेल ओढते तसे त्याने पाणी ओढले. भाच्याने कडे स्वच्छ पुसले होते, ते आमच्याच दुकानातल्या कोऱ्या मांजरपाटाच्या तुकड्याने. कोऱ्या कापडाच्या कापलेल्या काठाचे धागे सुटतात हे आम्हाला तीस वर्षांपासून ठाऊक, आणि कापड त्याला आम्हीच दिले होते. मित्राच्या कॅमेऱ्याच्या भरपाईत अर्धा वाटा आम्ही उचलला. तो न्यायाचाच होता.

पाण्याआधीची परीक्षा

आता असे यंत्र मिळते जे पाणी येण्याची वाट पाहत नाही. पेटी बंद करून हातपंपाने आतली थोडी हवा काढून घेतात. आतील यंत्र दाब मोजत राहते. वीस-तीस मिनिटांत दाब वाढला नाही तर पेटी बंदिस्त आहे. वाढला तर कुठूनतरी हवा शिरते आहे आणि जिथून हवा शिरते तिथून पाणीही शिरेल. हिरवा दिवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे थांबा, असा सर्वसाधारण संकेत. आणखी एक फायदा म्हणजे बाहेरची हवा झाकणाला जमिनीवरच दाबून धरते. आतला दाब पाचव्या हिश्श्याने कमी केला तर आमच्या हिशेबातल्या झाकणावर ६० किलोंचा भार येतो. पहिल्या दोन-चार मीटरांचा धोका त्यामुळे पुष्कळ कमी होतो.

ही परीक्षा सावलीत करावी. पेटी दहा अंशांनी तापली तर आतला दाब साधारण तीन टक्क्यांनी वाढतो आणि गळती नसताना शंका येते. हे यंत्र सुटे घेतले तर अनेक हजार रुपये लागतात. ते जमत नसेल त्याने रिकामी पेटी आधी पाण्यात नेऊन आणावी. ही रीत जुनी आहे आणि फुकट आहे.

बोअरवाल्यांसाठी एक शब्द. शंभर मीटर पाण्याखाली दाब दर चौरस सेंटीमीटरला १० किलो वाढतो आणि तिथला दिवा कोणाला दिसणार? म्हणून कॅमेरा घेतानाच विचारावे की गळतीचा इशारा केबलमधून वर पडद्यावर येतो की नाही.

ध्यानात ठेवण्याच्या बाबी

१. कडे सुती कापडाने किंवा टॉवेलने पुसू नये. धागे न सुटणारे कापड वापरावे आणि शेवटी बोट फिरवून पाहावे.
२. कंपनीने सांगितलेलेच ग्रीस, तेही पातळ लावावे. ग्रीस पाणी अडवीत नाही, कडे सरकून नीट बसायला मदत करते. जास्त लावले तर धूळ धरते.
३. पेटी वातानुकूलित, कोरड्या खोलीत बंद करावी आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. दमट हवा आत राहिली तर गार पाण्यात काचेवर बाष्प धरते.
४. पावसाळ्यात काम बंद असेल तेव्हा यंत्राचा सेल काढून ठेवावा. मेलेल्या सेलचे यंत्र नसल्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्यावर विसंबतो.
५. घंटा वाजली तर पाणी कॅमेऱ्याच्या अंगाकडे जाणार नाही अशी पेटी धरावी आणि नेहमीच्या गतीनेच वर यावे. श्वास रोखून, घाईने वर येण्यात फुप्फुसे फाटण्याचा धोका आहे. कॅमेरा पुन्हा घेता येतो.
६. बाहेर आल्यावर पेटी वरून कोरडी करून उघडावी, कॅमेरा बंद करून आधी बॅटरी काढावी, मग कार्ड. कॅमेरा गेला तरी कार्डावरचे चित्रण बऱ्याचदा वाचते.

ज्यांना या धंद्यात उतरायचे आहे त्यांनी आधी स्वतः पाण्यात उतरायला शिकावे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे चौकशी करावी. आमच्या भाच्याने मित्राची भरपाई फेडली आणि मग हवा काढण्याचा पंप घेतला. आता तो पाण्यात उतरण्याआधी अर्धा तास सावलीत बसून हिरव्या दिव्याकडे पाहत असतो. गिऱ्हाईक घाई करते, तो करू देतो. आम्हीही दुकानातून त्याला पुसायचे कापड देणे बंद केले आहे.