पाय काय सांगतात?

मागच्या वेळी आपण रक्तदाबाबद्दल बोललो. आज जरा खाली, पायांकडे बघू. पाय हृदयापासून सर्वांत लांब. तिथपर्यंत जाणाऱ्या नसाही शरीरातल्या सर्वांत लांब. त्यामुळे रक्ताभिसरणात किंवा नसांमध्ये बिघाड सुरू झाला, की त्याची खूण बऱ्याचदा आधी पायावर उमटते.

सूज घ्या. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि खळगा राहिला, तर तिथे पाणी साठलंय. दोन्ही पाय सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासावं लागतं. कधी रक्तदाबाची गोळीही कारण असते. पण एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, तर शिरेत गुठळी असू शकते. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, तेल चोळत बसायचं नाही.

आता चालणं. थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं. आपण म्हणतो, वय झालं. खरं तर पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असू शकतात. आणि जे पायात होतं ते हृदयात, मेंदूतही होत असतं. तंबाखू आणि मधुमेह ही त्याची मोठी कारणं.

सर्वांत फसवी खूण म्हणजे काहीच न दुखणं. मधुमेहात आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते आणि मग सगळं शांत होतं. माणूस खूश होतो! पण ते बरं होणं नसतं, बधिरता असते. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. देवळाच्या तापलेल्या फरशीवर तळवे भाजतात, तरी कळत नाही. दवाखान्यात १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ही संवेदना दोन मिनिटांत तपासता येते. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा ही तपासणी मागून घ्या. बधिरता बी-१२ च्या कमतरतेनेही येते, आणि त्वचेवर फिकट बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगासाठी दाखवावं. तो औषधांनी पूर्ण बरा होतो.

मग करायचं काय? रोज रात्री तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा, नाहीतर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. बूट घालण्याआधी झटका. कुरूप ब्लेडने कापू नका. आणि न दुखणारी जखम दिसली, तर दुखत नाही म्हणूनच ती लवकर दाखवा.