पीचच्या करंडीपासून कॉपर बॉक्सपर्यंत

लंडनच्या स्ट्रॅटफर्ड भागातील ‘कॉपर बॉक्स’ या क्रीडागृहात २०१२च्या ऑलिंपिकमधील हँडबॉलचे सामने झाले. आज ते ‘लंडन लायन्स’ या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे घर आहे. फुटबॉलच्या तिकिटासाठी जिवाचा आटापिटा करावा लागणाऱ्या या देशात बास्केटबॉल मात्र अगदी जवळून पाहता येतो.

नवख्या प्रेक्षकाने चेंडूपेक्षा घड्याळाकडे लक्ष द्यावे. सामना दहा मिनिटांच्या चार डावांचा. पण शिट्टी वाजताच घड्याळ थांबते, त्यामुळे चाळीस मिनिटांच्या खेळाला सुमारे दोन तास लागतात. चेंडू हाती आलेल्या संघाने २४ सेकंदांत बास्केटचा प्रयत्न करायलाच हवा. शेवटच्या दोन मिनिटांत मुद्दाम केलेले फाउल पाहून नवखा प्रेक्षक गोंधळतो. घड्याळ थांबवून चेंडू परत मिळवण्याचा तो डाव असतो.

हा खेळ जन्मला तो एका शिक्षकाच्या अडचणीतून. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत, हिवाळ्यामुळे आत कोंडलेल्या अठरा दांडग्या विद्यार्थ्यांना गुंतवून ठेवण्याचे काम जेम्स नेस्मिथ यांच्याकडे आले. स्कॉटिश आईवडिलांच्या या कॅनडियन शिक्षकाने तेरा नियम लिहिले आणि सज्जाच्या कठड्याला पीचच्या करंड्या ठोकल्या. सज्जा दहा फूट उंच होता. रिंग आजही तेवढ्याच उंचीवर आहे. पहिल्या सामन्यात प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू होते, आपल्या खो-खोत मैदानावर असतात तितकेच. चेंडू घेऊन धावण्यास बंदी होती, कारण नेस्मिथ यांना धक्काबुक्की टाळायची होती.

वायएमसीए ही संस्था मात्र मूळची लंडनची. कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स यांनी ती १८४४ मध्ये स्थापन केली.

इतके जुने नाते असूनही ब्रिटनमध्ये या खेळाची आर्थिक बाजू लंगडीच राहिली. २०२४च्या एप्रिलमध्ये लंडन लायन्सच्या महिला संघाने युरोकप जिंकला. युरोपीय विजेतेपद मिळवणारा हा पहिला ब्रिटिश संघ. त्याच वर्षी १९८७ पासून चालत आलेल्या पुरुषांच्या लीगचा परवाना रद्द झाला. मग क्लबांनीच एकत्र येऊन ‘सुपर लीग बास्केटबॉल’ उभी केली. तिच्यात १९६७ मध्ये स्थापन झालेला ‘लेस्टर रायडर्स’ही आहे. अशा क्लबांना तिकीटविक्रीचा आधार मोठा असतो. त्यामुळे लेस्टर किंवा न्यूकॅसलमधील मराठी कुटुंबाला एखाद्या संध्याकाळच्या सामन्यासाठी लंडन गाठण्याची गरज नाही.