पहिले संकेतस्थळ उभारताना

(द्वितीय वर्ष, कला)

संकेतस्थळ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात दोन समज घर करून बसलेले असतात. पहिला असा की, हे काम संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे; कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही. दुसरा असा की, संकेतस्थळ म्हणजे रंगीबेरंगी सजावट, हलणारी चित्रे आणि चकचकीत अक्षरे. गेले दीड वर्ष मी एक लहानसा ब्लॉग चालवीत आहे. त्या अनुभवावरून आणि त्यानिमित्ताने केलेल्या वाचनावरून मला हे दोन्ही समज पटेनासे झाले आहेत. संकेतस्थळ ही मुळात लिहिण्याची आणि वाचण्याची गोष्ट आहे. म्हणूनच ती भाषेच्या विद्यार्थ्याची गोष्ट आहे. ज्यांना प्रारंभ करावयाचा आहे अशा मित्रमैत्रिणींसाठी चार गोष्टी येथे मांडते.

प्रथम संकेतस्थळ म्हणजे काय ते पाहू. कोठेतरी एक संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. आपण लिहिलेली पाने त्यात साठविलेली असतात. वाचक आपल्या फोनवर पत्ता टाकतो. फोनमधील ब्राउझर त्या संगणकाकडून ते पान मागवून घेतो आणि पडद्यावर मांडतो. व्यवहार एवढाच आहे. टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश संगणकतज्ज्ञाने १९८९ मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत ही कल्पना मांडली. शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणे सहज पाहता यावीत, हा त्यामागील हेतू होता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. या एका निर्णयामुळे आज खेड्यातील मुलीलाही पान काढावयाचे असेल तर या तंत्राच्या वापरासाठी कोणाला मोबदला द्यावा लागत नाही.

ब्लॉग हा संकेतस्थळाचाच एक सोपा प्रकार. तारीखवार लिहिलेल्या नोंदी आणि सर्वांत नवी नोंद वर, असे त्याचे रूप असते. ‘वेबलॉग’, म्हणजे जाळ्यावरची नोंदवही, हा शब्द १९९७ पासून रूढ झाला. १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ आणि २००३ मध्ये ‘वर्डप्रेस’ ही साधने आली आणि संगणकाची भाषा न शिकताही लिहिता येऊ लागले. मराठीत ब्लॉगला कोणी ‘अनुदिनी’ असेही म्हणतात. शब्द गोड आहे, पण त्यामुळे रोज लिहिलेच पाहिजे असे समजून कोणी घाबरून जाऊ नये. महिन्यातून एक चांगली नोंदही पुरेशी आहे.

आता पहिली पायरी. नवखा मनुष्य आधी साधन कोणते घ्यावे, रंग कोणता द्यावा, हे विचारतो. माझ्या मते आधी विषय ठरवावा. जे आपल्याला नीट ठाऊक आहे आणि जे दुसरे कोणीतरी शोधत असेल, असा विषय निवडावा.

आमच्या घरी बुरूडकाम चालते. महाविद्यालयाची पायरी चढलेली घरातील मी पहिलीच. धान्य पाखडावयाचे सूप, तांदूळ धुवावयाची रोवळी, शेणामातीने लिंपून धान्य साठवावयाची कणगी, कोंबड्या झाकावयाचे डालगे, लहानशी दुरडी, देवाच्या फुलांची परडी, या प्रत्येक वस्तूची वीण वेगळी, माप वेगळे आणि बांबूची कामटी किती जाड काढावयाची हेही वेगळे. हे सारे आमच्या घरात लहानथोरांना ठाऊक आहे. परंतु लिहून ठेवलेले नाही. ज्यांना हे येत होते त्यांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांना हे येत नव्हते. माझा ब्लॉग याच विषयावर आहे. पहिली नोंद वडिलांना वाचून दाखविली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आणखी दोन वस्तूंची नावे सांगितली आणि म्हणाले, “हीही टाक त्यात.” त्या दोन वस्तू आता आमच्याकडे कोणी विणत नाही.

विषय ठरला की शीर्षकाचा विचार करावा. ‘मनातले काही’, ‘शब्दगंध’ अशी शीर्षके कवितासंग्रहाला शोभतात. पण फोनवर शोध घेणारा मनुष्य असे शब्द टाकीत नाही. तो ‘रोवळी कशी विणतात’ असे टाकतो. तेव्हा नोंदीचे शीर्षक तेच ठेवावे आणि पहिल्या दोन-तीन वाक्यांत त्या प्रश्नाचे उत्तर यावे. पाल्हाळ नंतर लावता येतो.

साधन म्हणून प्रारंभी ब्लॉगर किंवा वर्डप्रेसची विनामूल्य सोय पुरते. पत्ता मात्र विचारपूर्वक घ्यावा. तो लहान असावा आणि तोंडी सांगितला तरी समोरच्याला न चुकता लिहिता यावा. पुढेमागे वार्षिक शुल्क भरून स्वतःचा स्वतंत्र पत्ता घेता येतो. २७ ऑगस्ट २०१४ पासून शेवटी ‘.भारत’ असलेला देवनागरी पत्ताही मिळू लागला आहे. मात्र दरवर्षी शुल्क भरण्याची तयारी असेल तरच त्या वाटेला जावे, कारण मुदत संपली की पत्ता हातचा जातो.

यानंतरचा मुद्दा अक्षरांचा आहे आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी तो अवश्य समजून घ्यावा. संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. १९९१ मध्ये युनिकोड या जागतिक पद्धतीची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. ‘क’ चा क्रमांक २३२५ आणि आपल्या ‘ळ’ चा २३५५. त्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टांत देवनागरीला वेगळे क्रमांक नव्हते. उदाहरणार्थ, कृतिदेव या फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’ च्या क्रमांकावर, म्हणजे १०० वर, ‘क’ चे चित्र बसविलेले असते. कागदावर छापताना त्याने काही बिघडत नाही. परंतु तोच मजकूर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याच्या फोनवर गेला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि शोधयंत्रालाही तेथे ‘क’ नव्हे तर ‘डी’ च दिसतो. असे पान मराठीत असूनही मराठीत शोधले तर सापडत नाही. म्हणून युनिकोडमध्येच लिहावे. फोनवरील नेहमीचा मराठी कळफलक किंवा संगणकावरील इनस्क्रिप्ट कळफलक वापरला की ते आपोआप साधते. ‘ऱ’ हे अक्षर कळफलकावर स्वतंत्र असते, तेही शोधून ठेवावे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील फरक आपल्या मराठीच्या प्राध्यापकांना विचारावा. एक शिकवितात आणि दुसरे स्वयंपाक करतात!

आता मांडणीकडे वळू. आपला वाचक बहुधा फोनच्या अरुंद पडद्यावर वाचणार, हे गृहीत धरावे. पडदा लहानमोठा असेल त्याप्रमाणे पानाने स्वतःला जुळवून घ्यावे, हा विचार ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने २०१० मध्ये एका लेखात मांडला आणि पुढे तो सर्वत्र रुजला. तयार आराखड्यांपैकी असा जुळवून घेणारा, एका स्तंभाचा, साधा आराखडा निवडावा.

देवनागरीची काही पथ्ये वेगळी आहेत. आपल्या अक्षरांना वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. म्हणून दोन ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे अधिक ठेवावे. अक्षराच्या मापाच्या दीडपटीहून किंचित जास्त ठेवले की ओळी एकमेकींत अडकत नाहीत. अक्षराचे माप १८ पिक्सेलच्या आसपास असावे. दोन अक्षरांतील अंतर मात्र वाढवू नये, कारण त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. फिकट राखाडी अक्षरे किंवा पिवळ्यावर पांढरी अक्षरे टाळावीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान साडेचारास एक असावे, असा सर्वमान्य संकेत आहे. पांढऱ्यावर काळे लिहिले की ही चिंताच उरत नाही. फॉन्ट निवडावयाचाच असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडविलेला ‘मुक्त’ हा सुबक फॉन्ट विनामूल्य मिळतो.

उपशीर्षके देताना केवळ अक्षरे ठळक करू नयेत; साधनातील ‘शीर्षक’ हा प्रकार निवडावा. दोन्ही दिसायला सारखीच दिसतात, पण अंध वाचक पान वाचून दाखविणारी जी प्रणाली वापरतात ती या खऱ्या शीर्षकांच्या आधाराने एका भागावरून दुसऱ्या भागावर जाते. तसेच पानाची भाषा मराठी अशी नोंदवावी, म्हणजे त्या प्रणालीला कोणत्या भाषेत उच्चार करावयाचा ते कळते.

छायाचित्रांचा मोह सर्वांनाच होतो. येथे एक हिशेब सांगते. युनिकोड साठविण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. दहा हजार चिन्हांचा लेख धरला तरी तो होतो तीस हजार बाइटांचा, म्हणजे सुमारे ३० किलोबाइटचा. उलट फोनने काढलेले एक छायाचित्र सहज ४ मेगाबाइटचे असते. म्हणजे एका छायाचित्राच्या जागेत असे सव्वाशेहून अधिक लेख मावतील! ज्या गावात फोनला एखादीच दांडी मिळते तेथे असे पान उघडता उघडत नाही. म्हणून छायाचित्राची रुंदी १२०० पिक्सेलच्या आत आणावी आणि वजन २०० किलोबाइटच्या आत ठेवावे. फोनवरच ते करता येते. प्रत्येक छायाचित्रात काय आहे ते ‘पर्यायी मजकूर’ म्हणून एका वाक्यात लिहावे. चित्र उघडले नाही किंवा वाचक अंध असला तरी त्याला ते वाक्य मिळते.

दुसऱ्याचे साहित्य उचलू नये, हे सांगण्याची गरज नसावी. पण नियम ठाऊक असावा. आपल्याकडील १९५७ च्या कायद्यानुसार साहित्यकृतीवर लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यामुळे त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले आहे. हयात कवीची कविता मात्र नाव देऊनही परवानगीवाचून संपूर्ण छापता येत नाही. छायाचित्रांचेही तसेच. जाळ्यावर दिसले म्हणजे ते फुकटचे झाले, असे नाही. स्वतः काढलेले छायाचित्र सर्वांत उत्तम. त्यातही माणसाचा चेहरा असेल तर त्याला विचारूनच ते घ्यावे. स्वतःचा दूरध्वनी क्रमांक, घरचा पत्ता आणि रोजच्या जाण्यायेण्याच्या वेळा पानावर टाकू नयेत, हे माझ्या मैत्रिणींना विशेष सांगावेसे वाटते.

शेवटची सूचना जपणुकीची. ‘जिओसिटीज’ नावाची विनामूल्य सेवा १९९४ पासून चालू होती. जगभरच्या हौशी मंडळींनी तेथे पाने उभारली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये ती मालक कंपनीने बंद केली. दुसऱ्याच्या जागेत बिनभाड्याने राहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोहोंत आपले सर्व लेखन एकत्र उतरवून घेण्याची सोय आहे. दर दोन-तीन महिन्यांनी ती प्रत काढावी आणि स्वतःजवळ ठेवावी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्या महाविद्यालयातही त्याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. परंतु उद्याचा विद्यार्थी एखादा मराठी शब्द फोनवर शोधील, तेव्हा त्याला काय मिळेल, हे आज कोणी काय लिहून ठेवले आहे यावर अवलंबून राहील. आपल्या वर्गात शेतकऱ्यांची, कोळ्यांची, गवंड्यांची, विणकरांची मुले आहेत. जाळे कसे विणतात, बी कसे राखून ठेवतात, भिंतीचा ओळंबा कसा धरतात, हे त्यांच्या घरात रोज बोलले जाते. आपल्यापैकी कितीतरी जण घरात लिहू शकणारे पहिलेच आहेत. ज्यांच्याकडून हे ऐकावयाचे ती माणसे आज घरी आहेत. ती नेहमीच असतील असे नाही.

तेव्हा या सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातील एक वस्तू निवडा. तिचे नाव, तिचे भाग, ती कशी करतात आणि कशासाठी वापरतात, हे घरच्यांना विचारून साध्या मराठीत तीनशे शब्दांत लिहा. पांढऱ्यावर काळे, एक लहान छायाचित्र आणि खाली तारीख. तुमचे पहिले पान तयार झाले.