घरगुती सौर संचाची निगा आणि तिची भाषा

नवी वस्तू घरात आली की तिच्यासाठी दर वेळी नवा शब्द घडत नाही. पुष्कळदा जवळच्या एखाद्या जुन्या वस्तूचे नावच तिला लाभते. ‘तेल’ हा शब्द मुळात तिळाच्या स्नेहापुरता होता. पुढे तो शेंगदाणा, करडई, इतकेच नव्हे तर खनिज तेलासही लागला. फारसी मुळाप्रमाणे ‘शाई’ काळीच असावयास हवी. तरी ‘लाल शाई’ म्हणताना कोणास विसंगती जाणवत नाही. असा अर्थविस्तार सामान्यतः निरुपद्रवी असतो. परंतु नावाबरोबर जुन्या वस्तूच्या हाताळणीची सवयही नव्या वस्तूकडे आली, तर हानी संभवते. छपरावर वीज निर्माण करणारा सौर संच हे याचे ठळक उदाहरण होय. एक कोटी घरांवर असे संच बसविण्याचे उद्दिष्ट ठेवणारी केंद्र शासनाची योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. त्यामुळे या प्रश्नास आता व्यावहारिक महत्त्व आले आहे.

प्रथम ‘सोलर’ हा शब्द घ्यावा. शहरी घरांत तो पूर्वी पाणी तापविणाऱ्या संचास रूढ होता. आता वीज देणाऱ्या पॅनेलसही तोच लागतो. पहिल्या संचाला उष्णता हवी असते, दुसऱ्याला ती बाधते. मराठी ‘ऊन’ या शब्दात प्रकाश व उष्णता एकत्र नांदतात : नाम म्हणून तो सूर्यप्रकाश दर्शवितो, तर ‘ऊन पाणी’ या प्रयोगात विशेषण होऊन उष्णता. सिलिकॉनच्या घटास यांपैकी प्रकाशच उपयोगी पडतो. घटाची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानास मोजतात. त्यापुढे दर अंशामागे ती सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यात घटांचे तापमान ६० अंशांपलीकडे जाऊ शकते. म्हणून पॅनेल व गच्ची यांमधील पोकळीत वारा खेळता राहिला पाहिजे. तेथे अडगळ रचू नये.

‘पॅनेल साफ करा’ ही सूचनाही संदिग्ध आहे. झाडणे, पुसणे, घासणे, धुणे, निपटणे ही घरकामातील क्रियापदे परस्परांचे पर्याय नव्हेत. कोरडी धूळ पुसल्यास तिच्यातील वाळूचे कण फडक्याखाली रगडले जाऊन काचेवर ओरखडे पडतात. तारेच्या चोथ्याने घासणे तर सर्वस्वी वर्ज्य. प्रथम पाणी सोडून धूळ भिजवावी, मऊ फडक्याने ती हलकेच काढावी, व शेवटी पाणी निपटून घ्यावे. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी काचेवर तसेच वाळले तर पांढरे डाग राहतात. हे काम सकाळी, पॅनेल तापण्यापूर्वी करावे. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हा अनुभव जुन्या पिढीस आहे. पॅनेलची काच अधिक चिवट असली, तरी भर दुपारी तिच्यावर गार पाणी ओतणे श्रेयस्कर नाही. पक्ष्यांच्या विष्ठेचा लहानसा डागही उपेक्षणीय नसतो. घट एकसर जोडणीत असल्यामुळे झाकलेला एक घट साऱ्या मालिकेच्या प्रवाहास अडथळा करतो आणि स्वतः तापतो.

‘इन्व्हर्टर’ या शब्दाचा अर्थ भारनियमनाच्या काळात ‘वीज गेल्यावर दिवे चालू ठेवणारी बॅटरीची पेटी’ असा स्थिरावला. पारिभाषिक अर्थ दिष्ट प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारे उपकरण, एवढाच आहे. सार्वजनिक वीजवाहिनीस जोडलेल्या, बॅटरी नसलेल्या सौर संचातील इन्व्हर्टर बाहेरची वीज जाताच आपण होऊन थांबतो. तसे न झाल्यास खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. ही सुरक्षेची व्यवस्था घरमालकास मात्र बिघाड वाटते; जुना अर्थ त्याला अंधारात दिव्याची अपेक्षा करावयास लावतो.

सर्वांत धोक्याचा शब्द ‘बंद’ हा होय. घरातील मेन स्विच बंद केला की आतील तारा निर्जीव होतात, ही आयुष्यभराची समजूत असते. पॅनेलला स्वतःचे बटण नसते. त्यावर प्रकाश पडत आहे तोवर त्याच्या तारांत विद्युत्-दाब राहतोच. एका पॅनेलचा दाब बहुधा ४० ते ५० व्होल्ट असतो. अशी दहा पॅनेल एकसर जोडली की तो ४०० व्होल्टांपुढे जातो. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास शंभर वेळा शून्यावर येतो. दिष्ट प्रवाह येत नाही. त्यामुळे चालू स्थितीत जोड उपसल्यास उठणारी ठिणगी सहज विझत नाही. यास्तव कुरतडलेली तार, सैल झालेला जोड किंवा तडकलेली काच दिसल्यास ‘बंद केले आहे’ या भरवशावर हात न लावता जाणकार तंत्रज्ञास पाचारण करावे.

यावरून निष्पन्न होते ते असे की, येथे उणीव शब्दांची नाही. इंग्रजी नावांना संस्कृत प्रतिशब्द दिल्याने प्रश्न सुटणार नाही. ‘परिवर्तक’ म्हटले तरी तो वीज गेल्यावर थांबणारच. सूचनापत्रकाने जुन्या शब्दाचा नवा अर्थ कोठे वेगळा होतो ते सांगावे. ‘साफ करा’ न म्हणता ‘भिजवा, धुवा, निपटा, कोरडे पुसू नका’ असे म्हणावे, आणि ‘बंद’ या शब्दापुढे कोणत्या तारा बंद व कोणत्या नव्हे, हे स्पष्ट लिहावे.