पिकअपच्या टपावर लाईट लावताय? आधी एवढं वाचा

बोरगाव (मेघे) : कापसाचा हंगाम आला की आपल्या भागातल्या पिकअप रात्रीबेरात्री धावायला लागतात. कोणी वर्ध्याला, कोणी हिंगणघाटच्या बाजारात पहाटे नंबर लागावा म्हणून निघतो. त्याच रस्त्यावर बिनलाईटची बैलबंडी असते, शेतातून परतणारी मोटारसायकल असते. हंगामाच्या तोंडावर पुष्कळ जण गाडीच्या टपावर लाईट बसवून घेतात. पण दुकानात दोन वेगळ्या वस्तू मिळतात आणि त्यात लोकांची गल्लत होते.

एक म्हणजे छोटे टॉप लाईट. समोरच्याला आपली गाडी दिसावी, ती किती उंच आणि किती रुंद आहे हे कळावं, एवढंच त्यांचं काम. दुसरी वस्तू म्हणजे लांब एलईडी बार किंवा फोकस. तो रस्ता उजळतो, पण समोरच्याच्या डोळ्यात जातो.

नियम काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 107 टॉप लाईटचा आहे. 2.1 मीटरपेक्षा जास्त रुंदीच्या मालवाहू गाडीला समोर वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर पांढरे आणि मागे लाल लाईट लागतात. रात्री गाडी रस्त्यावर उभी असली तरी ते चालू ठेवायचे असतात. आपली बोलेरो पिकअप, टाटा एस यांची रुंदी याच्या आत येते, म्हणून त्यांना सक्ती नाही. तरी लावायचेच असतील तर समोर पांढरेच लावा. लाल लाईट समोरून दिसता कामा नये. ऑनलाईन मिळणारे पाच पिवळ्या दिव्यांचे सेट अमेरिकेतल्या रुंद गाड्यांच्या नियमाचे आहेत, आपल्या नियमात पांढरा रंग सांगितला आहे.

फोकसचं वेगळं आहे. नियम 111 प्रमाणे गाडीच्या समोर स्पॉट लाईट किंवा सर्च लाईट लावायला मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. परवानगी नसलेल्या बदलासाठी 2019 मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्यात मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं.

दंडापेक्षा मोठी गोष्ट जिवाची आहे. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. डोळे दिपून तीन सेकंद काही दिसलं नाही तर तो माणूस 50 मीटर आंधळा चालतो. त्या 50 मीटरमध्ये एखादी बंडी असू शकते. टपावरचा बार तर हेडलाईटपेक्षा उंच असतो, मोटारसायकलवाल्याच्या सरळ तोंडावर येतो. धुक्यात तोच उजेड आपल्याच काचेवर परत येतो.

बसवायचे कसे?

1. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पिकअपला 12 व्होल्टचे लाईट घ्या. मोठ्या ट्रकचे 24 व्होल्टचे चालत नाहीत.

2. दोन्ही कोपऱ्यांपासून सारखं अंतर मोजून खूण करा. आतलं छताचं कापड खाली घेतल्याशिवाय ड्रिल मारू नका, आत वायर असू शकते.

3. भोक पाडल्यावर उघड्या पत्र्याला प्रायमर लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. भोकात रबरी बूच बसवूनच वायर ओढा. कोरा पत्रा वायर कापतो आणि शॉर्टसर्किट होतं.

4. लाईटखाली सिलिकॉन लावून एक दिवस वाळू द्या. मग टपावर पाणी मारून आत गळते का बघा. नुसत्या चिकटपट्टीवर ठेवू नका, आपल्याकडे 45 अंशाच्या उन्हात ती सुटते.

5. वायर काचेच्या बाजूच्या खांबातून खाली आणून पार्किंग लाईटच्या लाईनला जोडा. मध्ये 3 अँपिअरचा फ्यूज टाका. अर्थिंगची जागा रंग खरवडून चकचकीत करा. लाईट मंद पेटण्याचं किंवा लुकलुकण्याचं कारण पुष्कळदा खराब अर्थिंगच असतं.

दोन छोटे एलईडी मिळून साधारण दोन वॅट घेतात, त्यामुळे त्यांना रिले लागत नाही. जुने 5 वॅटचे बल्ब असतील तरी दोन मिळून एक अँपिअरच्या आत राहतात. वायरिंगची सवय नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

मागची बाजू विसरू नका

रात्रीचे कितीतरी अपघात उभ्या गाडीला मागून धडकून होतात. कापसाचं बोचकं किंवा ताडपत्री टेललाईटवर येते आणि गाडी दिसेनाशी होते. निघण्याआधी मागून एक चक्कर मारा. मागे लाल, बाजूला पिवळी, समोर पांढरी रेडियमपट्टी चिकटवा. तीच लाल पट्टी बैलबंडीच्या मागच्या फळीलाही लावा. तिला वायर लागत नाही, बॅटरी लागत नाही. मागून येणाऱ्याचा उजेड पडला की चमकते.