निरसे दूध आणि कायदा

जयपूरच्या उत्तरेस, सीकरला जाणाऱ्या रस्त्यावर चौमूं हे गाव आहे. अशा गावांभोवतालच्या गोठ्यांतून निघालेले दूध शहरात रतिबाने दारोदार पोचते. त्यापैकी पुष्कळसे निरसे, म्हणजे न तापविलेले असते. ते विकणे भारतात गुन्हा नाही. स्कॉटलंडने मात्र 1983 मध्ये अशा विक्रीस बंदी घातली, आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती शासनाने 1987 मध्ये ते विक्रीसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे निषिद्ध ठरविले.

आपल्याकडील मोकळिकीचा धोका बराचसा टळतो, तो दूध घरी येताच उकळण्याच्या चालीमुळे. दूध 63 अंश सेल्सियसला 30 मिनिटे किंवा 72 अंशांना 15 सेकंद ठेवले की क्षयाचे जंतू मरतात. उकळण्याने त्याहून अधिक उष्णता मिळते. परंतु धारोष्ण दुधाची महती सांगणारेही आपल्यांत थोडे नाहीत, आणि पंचामृतात निरसे दूध पडते ते वेगळेच.

अशा दुधाने काय घडू शकते, हे माल्टा बेटाच्या इतिहासावरून कळते. तेथील ज्वराचे जंतू डेव्हिड ब्रूस याने 1887 मध्ये शोधले. ते दिसण्यात निरोगी अशा शेळ्यांच्या अंगी असतात, हे झॅमिट याने 1905 मध्ये दाखविले. पुढील वर्षी ब्रिटिश सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद होताच त्यांच्यातील ज्वर झपाट्याने ओसरला. हाच ब्रुसेला रोग आपल्या गाईम्हशींतही आढळतो. उकळण्याने पिणारा वाचतो. गाभटलेल्या जनावराची वार हातांनी काढणाऱ्या गोपालकास त्याचा उपयोग नाही.

आता कायद्याकडे वळू. 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याचा रोख दुधात पाणी घालणाऱ्यावर होता. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर 2011 च्या नियमांनी दररोज 500 लिटरपर्यंत दूध हाताळणाऱ्यास लहान व्यावसायिक मानून त्याच्यासाठी साधी नोंदणी ठेवली. ही दिशा आम्हांस योग्य वाटते. विक्रीच बंद केली तर गवळी ती लपून करील, आणि त्याच्या दुधाची तपासणी कोणालाच करता येणार नाही.

मात्र नोंदवहीत नाव आले म्हणून जंतू थांबत नाहीत. अनुकूल उष्णतेत एक जंतू दर वीस मिनिटांनी दुणावला, तर चार तासांत त्याचे 4096 होतात. आणि जयपूरचा उन्हाळा 40 अंशांपलीकडे जातो. दुग्धमापक यंत्रास यातले काही कळत नाही, कारण ते केवळ घनता मोजते. त्यासाठी मेथिलीन ब्ल्यू ही सोपी परीक्षा आहे. 10 मिलिलिटर दुधात 1 मिलिलिटर निळा द्रव मिसळून नळी 37 अंशांवर ठेवतात. जंतू प्राणवायू संपवितात तसा रंग उडतो. तो पाच तासांहून अधिक टिकला तर दूध उत्तम. अर्ध्या तासात गेला तर निकृष्ट. ब्रुसेला ओळखण्यास मात्र ही परीक्षा असमर्थ आहे. त्यावर उपाय गोठ्यातच करावा लागतो: 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांस त्याची लस टोचली जाते.