होस्टिंग व्यवस्थापन साधनातून वर्डप्रेस थीम काढून टाकणे

थीम काढून टाकणे म्हणजे वर्डप्रेसवर आधारित संकेतस्थळाच्या सर्व्हरवरून वापरात नसलेल्या थीमच्या फाइली कायमच्या नष्ट करणे होय. हे काम वर्डप्रेसच्या प्रशासकीय दालनातून करता येते. तसेच प्लेस्क किंवा सीपॅनेल या होस्टिंग नियंत्रण पटलांत मिळणाऱ्या डब्ल्यूपी टूलकिटसारख्या साधनातूनही ते करता येते. एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे असल्यास दुसरी पद्धत अधिक सोयीची ठरते.

पार्श्वभूमी

वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाले. संकेतस्थळाचे बाह्य रूप मजकुरापासून वेगळे ठेवणारी थीमची व्यवस्था फेब्रुवारी २००५ मधील १.५ या आवृत्तीत आली. लेख, पाने व टिप्पण्या डेटाबेसमध्ये राहतात. थीमच्या फाइली मात्र सर्व्हरवर स्वतंत्र फोल्डरात असतात. त्यामुळे थीम बदलली किंवा काढली तरी लेखांचा मजकूर व चढवलेली छायाचित्रे शाबूत राहतात.

आवश्यकता

एका वेळी एकच थीम सक्रिय असते. इतर थीम निष्क्रिय असल्या, तरी त्यांच्या फाइली सर्व्हरवरच असतात आणि त्यांतील काही फाइली पत्ता टाकून थेट चालवता येतात. म्हणून ‘निष्क्रिय’ म्हणजे ‘निर्धोक’ असे मानता येत नाही.

टिमथंब प्रकरण हे याचे ठळक उदाहरण आहे. टिमथंब ही छायाचित्रांचा आकार बदलणारी छोटी आज्ञावली असून ती अनेक थीममध्ये अंतर्भूत होती. ती ठरावीक बाह्य संकेतस्थळांवरूनच छायाचित्रे घेत असे. परंतु नावाची तपासणी सैल होती. विश्वासू संकेतस्थळाचे नाव आपल्या पत्त्यात कोठेही गुंफले, की परक्याला प्रवेश मिळे आणि घातक फाइल सर्व्हरवर साठवता येई. ऑगस्ट २०११ मध्ये हा दोष उघडकीस आला. ज्यांच्याकडे अशी थीम नुसती पडून होती, त्यांची संकेतस्थळेही त्यामुळे धोक्यात आली.

कार्यपद्धती

डब्ल्यूपी टूलकिटमध्ये दोन मार्ग उपलब्ध आहेत. एकाच संकेतस्थळावरील थीम काढायची असल्यास ते संकेतस्थळ निवडून त्याच्या ‘थीम्स’ विभागात जावे लागते. अनेक संकेतस्थळांवरील थीम एकत्रितपणे काढायच्या असल्यास सर्व थीमची सामाईक यादी उघडून हव्या त्या थीम निवडता येतात. सक्रिय थीम काढता येत नाही. त्याआधी दुसरी थीम सक्रिय करावी लागते.

हे बंधन संरक्षणासाठी आहे. फाइल व्यवस्थापकातून सक्रिय थीमचे फोल्डर थेट पुसल्यास वाचकाला कोरे पान दिसू शकते.

पूर्वदक्षता

* बॅकअप : काढलेली थीम परत मिळवण्यासाठी कचरापेटीसारखी सोय नसते. त्यामुळे फाइली व डेटाबेस या दोहोंची प्रत आधी घेणे इष्ट असते.
* मूळ थीम व उपथीम : उपथीम ही मूळ थीमच्या फाइलींवर अवलंबून असते. उपथीम सक्रिय असताना मूळ थीम यादीत निरुपयोगी वाटू शकते. परंतु ती काढल्यास संकेतस्थळाची मांडणी कोलमडते.
* स्वतः केलेले बदल : थीमच्या फाइलींत थेट केलेले बदल, तसेच तिच्या फोल्डरात ठेवलेले मराठी भाषांतर थीमबरोबरच नष्ट होते.
* राखीव थीम : वर्डप्रेसची एखादी अद्ययावत प्रमाण थीम निष्क्रिय अवस्थेत राखून ठेवणे हिताचे असते. सक्रिय थीममध्ये बिघाड झाल्यास ती उपयोगी पडते.
* बहुस्थळ जाळे : एकाच वर्डप्रेसवर अनेक उपस्थळे चालत असल्यास मुख्य स्थळावर निष्क्रिय असलेली थीम एखाद्या उपस्थळावर वापरात असू शकते.

काढल्यानंतर उरणाऱ्या गोष्टी

थीमच्या फाइली गेल्या तरी तिच्या काही नोंदी डेटाबेसमध्ये राहू शकतात. रंगसंगती, बोधचिन्ह व मेनूच्या जागा यांसारख्या निवडी त्या-त्या थीमच्या नावाने साठवलेल्या असतात. तीच थीम पुन्हा बसवल्यास जुनी मांडणी बऱ्याच अंशी परत दिसते, ती यामुळेच. या नोंदी चालवता येण्याजोग्या फाइली नसल्याने त्यांच्यापासून वर उल्लेखलेला धोका संभवत नाही.

वर्डप्रेसच्या मोठ्या अद्ययावतीकरणाबरोबर नवी प्रमाण थीम आपोआप येऊ शकते. तसेच नव्या संकेतस्थळांसाठी ठरवून ठेवलेल्या थीमच्या संचात काढलेली थीम असल्यास ती नव्या ठिकाणी पुन्हा बसवली जाते. म्हणून एकदाच सफाई करून भागत नाही. थीमची यादी वेळोवेळी तपासावी लागते.